बारामतीचे पुराणिक, लंडनचा जकातदार

पनवेल हे जुनं बंदर. घाटावरचा माल इथं उतरायचा आणि खाडीतून गलबतांनी मुंबईला जायचा. म्हणून पनवेलकर वाचकाला जेफ्री चॉसरची नोकरी परकी वाटू नये. 1374 साली त्याला लंडन बंदरात लोकर आणि कातड्यांच्या जकातीवर तपासनीस नेमलं. वह्या स्वतःच्या हातानं लिहायच्या, अशी अट होती. त्याआधी तो मोठ्या घरी हुजऱ्या, फ्रान्सच्या लढाईत कैदी, इटलीत राजाचा वकील होता. पुढे राजाच्या बांधकामांवरचा अधिकारी झाला. इंग्रजी कवितेचा जनक म्हणवणाऱ्या या माणसाचं पोट कवितेवर नव्हतं. दरबारात फ्रेंचचा मान असताना त्यानं इंग्रजी धरली. 1400 साली तो गेला, तेव्हा ‘कँटरबरी टेल्स’ अपुरीच होती.

मराठीत त्याच्याशेजारी बसवावेत असे कवी म्हणजे मोरोपंत, काळ जवळजवळ चार शतकं नंतरचा असला तरी. मोरेश्वर रामजी पराडकर यांचा जन्म 1729 चा, पन्हाळ्याचा. केशव आणि गणेश पाध्ये यांच्याकडे त्यांचं अध्ययन झालं. तरुणपणी ते बारामतीला आले आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयानं पुराणिक म्हणून स्थिरावले. नाईक मोठे सावकार. त्यांचे भाऊ आबाजी हे थोरल्या बाजीरावांच्या बहिणीचे यजमान. बाजीरावांनंतर पेशवाई आपल्याला मिळावी म्हणून बाबूजींनी खटपटही केली होती. ती फसली. मोरोपंतांनी मात्र हे घर धरलं ते कायमचं. 1794 मध्ये बारामतीतच त्यांनी देह ठेवला.

पंतांच्या यशाचं मूळ मला या पुराणिकीत दिसतं. पुराणिकाला श्रोते समोर असतात. कोणत्या प्रसंगाला माणसं सावरून बसतात आणि कुठं पेंगतात, हे त्याला त्याच बैठकीत कळतं. पंतांनी निवडलेली आर्या अशा माणसाला साजेशी आहे. त्यांच्या बहुतेक आर्या गीती जातीच्या, म्हणजे प्रत्येक अर्धात 12 आणि 18 अशा 30 मात्रा. दोन ओळींत प्रसंग, संवाद किंवा टोमणा पुरा होतो. संपूर्ण महाभारत त्यांनी अशा आर्यांत आणलं. त्यातली एक उचलून कीर्तनात घातली तरी ती लंगडी पडत नाही.

कसबाचा हव्यासही होता. परंपरेनुसार 108 रामायणं त्यांच्या नावावर आहेत. ‘निरोष्ठ रामायणा’त ओठ जुळवून उच्चारायचं अक्षर चालत नाही, म्हणजे रामकथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायचं नाही! ‘दामरामायणा’त एका चरणाच्या शेवटच्या अक्षरांनी पुढचा चरण सुरू होतो. ही शब्दांची कसरत आहे, हा आक्षेप जुना आणि काही अंशी खराच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत पंतांची बाजू हिरिरीनं मांडली. माझं मत असं, की या कसरतींनी हात तयार झाला आणि त्याचं फळ ‘केकावली’त आलं. पृथ्वी वृत्तातल्या त्या उतारवयातल्या काव्यात पंत देवाशी भांडतात, आर्जव करतात, आणि तिथं कसब डोळ्यांत भरत नाही.

हे काव्य गावोगाव नेलं ते दुसऱ्यांनी. सोलापूरचे राम जोशी लावण्यांचे शाहीर. पंतांच्या भेटीनंतर ते कीर्तनाकडे वळले, असं परंपरा सांगते. त्यांनी कीर्तनांतून आर्या घरोघर पोचवल्या. पुढं 1854 च्या ‘नवनीत’ या परशुरामपंत तात्या गोडबोल्यांच्या वेच्यांतून त्या शाळेत आल्या. छापखाना येईपर्यंत पंतांना माणसांच्या पाठांतरानं जगवलं, चॉसरला हस्तलिखितांच्या नकलांनी.

चॉसरची शेवटची वर्षं पैशांच्या ओढीत गेली. पंतांना आश्रयदात्याचं घर आयुष्यभर पुरलं. दोघांमध्ये समान ते एवढंच, की रोजच्या कामानं त्यांना माणसं दाखवली आणि ती माणसं जी भाषा बोलत होती तीच त्यांनी काव्याला पुरेशी मानली. आज मात्र मोरोपंत परीक्षेपुरते उरले आहेत. पनवेलच्या कीर्तनप्रेमींना माझी विनंती आहे: या दिवाळीत ‘आर्याभारता’तलं कर्णपर्व काढा आणि घरातल्या सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचा.