भाडेकरूंसकट घर

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपले वाडवडील सांगून गेले. भरलेले घर भाडेकरूंसकट विकत घेण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नसावा. नाहीतर म्हण आणखी लांबली असती! आमच्या उदगीरला निवृत्त होणाऱ्या गृहस्थाच्या हाती फंडाची रक्कम येते न येते, तोच कोणी दलाल सहा ब्लॉकांची इमारत दाखवतो आणि म्हणतो, "सर, पहिल्या महिन्यापासून भाडे सुरू!" मग ही मंडळी करारनामा वाचून घ्यायला माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराकडे येतात.

मी त्यांना एवढेच सांगतो, की तुम्ही भिंती घेत नाही, जुन्या मालकाने दिलेले शब्द घेता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नवा मालक जुन्याच्या जागी येतो. भाडेकरू तोच, अटी त्याच. 'घेतल्यावर रिकामे करून घेऊ' हे मनोराज्य झाले.

मुंबईचे उदाहरण बोलके आहे. १९४७ च्या कायद्याने तेथली भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. हेतू भाडेकरूच्या रक्षणाचा होता. पण भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना, चाळी खंगल्या आणि पागडी बोकाळली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानाचा भाग होता, म्हणून आपल्याकडे पुढे १९५४ चा हैदराबादचा कायदा चालला. ३१ मार्च २००० पासून दोन्हींची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घेतली. त्यात जुन्या भाडेकरूचे भाडे वर्षाला ४ टक्के वाढवता येते. २००० सालचे शंभर रुपये चक्रवाढीने धरले, तरी पंचवीस वर्षांनी होतात सुमारे २६७!

आता हिशेब मांडू. समजा, सहा ब्लॉक, प्रत्येकी भाडे ४,००० रुपये. वर्षाचे झाले २,८८,०००. इमारतीची किंमत ६० लाख असेल, तर उत्पन्न पावणेपाच टक्क्यांच्या जरा वर. त्यातून घरपट्टी, दुरुस्ती, मोटारपंप आणि एखादा रिकामा महिना वजा करा, आणि उरेल ते बँकेच्या व्याजाशेजारी ठेवून पाहा.

इसार देण्यापूर्वी प्रत्येक दार ठोठावावे. भाड्याच्या पावत्या पाहाव्यात. अनामत कोणाकडे आहे आणि ती कोण परत करणार, हे खरेदीखतात लिहून घ्यावे. करार लेखी व नोंदलेला आहे ना, हे तपासावे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, आणि लेखी करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मुदतीचा परवाना आणि पिढीजात भाडेकरू यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दार ठोठावल्यावर आणखी एक लाभ होतो. आत शाळेला निघालेली पोरे दिसतात, चुलीपाशी कोणाची तरी आई दिसते. त्या घरांना वर्षानुवर्षे सांभाळण्याची तयारी असेल, तरच सही करावी.