बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी पुन्हा का आली?

कपाशीचे बोंड वरून हिरवे व टणक दिसावे आणि चिरताच आत सरकी पोखरीत बसलेली गुलाबी अळी आढळावी, हा अनुभव विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील असंख्य शेतकऱ्यांना २०१७ च्या हंगामात आला. अळीला मारणारे द्रव्य बियाण्यातच आहे म्हणून जे वाण विश्वासाने लावले, त्याचीच अशी अवस्था झाल्याने बियाणे बनावट निघाले, असा समज गावोगाव पसरला. क्वचित् तसे झालेही असेल. परंतु मुख्य कारण निराळे होते. बियाणे तेच राहिले होते, अळी बदलली होती.

मातीत आढळणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूच्या नावाची आद्याक्षरे म्हणजेच ‘बीटी’. हा जिवाणू जे प्रथिन तयार करतो ते अळीच्या पोटातील अल्कधर्मी रसात विरघळते, आतड्याच्या अस्तराला चिकटते व त्यास छिद्रे पाडते. अळी खाणे सोडते व मरते. हे प्रथिन बनविणारे जनुक कपाशीत घालून तयार झालेल्या वाणांना केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने मार्च २००२ मध्ये संमती दिली. २००६ मध्ये दोन जनुकांची कपाशी आली. आज देशातील कपाशीचे नऊ-दशांशाहून अधिक क्षेत्र बीटी वाणांखाली आहे. प्रारंभीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीचा उपद्रव बराच घटला व तिच्यासाठी होणाऱ्या फवारण्या कमी झाल्या, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि असंख्य अळ्यांत एखादी अशी जन्मते की जिच्या आतड्याला हे प्रथिन नीट चिकटत नाही. चोहीकडे बीटी कपाशीच असेल तर बाकीच्या मरतात व ती मात्र उरते. तिचा पतंग तशाच दुसऱ्या पतंगाशी जुगतो आणि पुढील पिढी बीटीला दाद देत नाही. शेजारी साधी, म्हणजे नॉन-बीटी, कपाशी असल्यास तेथून बीटीला बळी पडणारे पतंग मोठ्या संख्येने निघतात व त्या मोजक्या पतंगांची जुगणी बहुधा त्यांच्याशीच होते. प्रतिकाराचा हा गुण सामान्यतः आई व बाप या दोघांकडून आला तरच प्रकट होतो. एकाकडून आल्यास दबून राहतो. म्हणून अशा जुगणीतून झालेली अळी बीटी बोंड खाऊन मरते.

याच हिशेबाने शेताभोवती किमान पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढी साधी कपाशी लावण्याचा नियम करण्यात आला, आणि ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची वेगळी पुडी देण्यात येऊ लागली. या पुडीचे पुढे काय झाले, हे गावोगाव ठाऊक आहे. कोणी ती बांधावर टाकली, कोणी तिने नांग्या भरल्या. पेरणीच्या घाईत, अळीला खाऊ घालण्यासाठी पाच ओळी लावा, हे सांगणे कोणाला पटणार? शिवाय कित्येकदा पुडीतील बियाणेही निकृष्ट असे. तेव्हा सर्व दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही. पुढे दोन्ही बियाणी एकाच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली.

हिरव्या बोंडअळीला तूर, हरभरा, टोमॅटो अशी अनेक पिके चालतात. तिच्यासाठी शिवारात आपोआपच आश्रय राहतो. गुलाबी बोंडअळीचे तसे नाही. ती जवळजवळ सर्वस्वी कपाशीवर जगते. त्यात वाण लांब मुदतीचे आणि पाणी असेल तेथे फरदड मार्च-एप्रिलपर्यंत उभी. म्हणजे अळीला एका वर्षात अधिक पिढ्या मिळाल्या व प्रत्येक पिढीत निवड होत गेली. २०१० साली गुजरातेतील अमरेली, भावनगर, जुनागड व राजकोट या जिल्ह्यांत पहिल्या जनुकाचा प्रभाव संपल्याचे जाहीर झाले. पुढे दुसरे जनुकही निष्प्रभ ठरले; २०१५ मध्ये गुजरातेत व २०१७ मध्ये महाराष्ट्रात मोठे नुकसान झाले. त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणी कमी व्हावी म्हणूनच जे पीक आणले होते, त्याच पिकात हे घडले.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात बीटी कपाशी १९९६ पासून आहे व तेथेही हीच अळी होती. तेथे साध्या कपाशीचे क्षेत्र कटाक्षाने राखले गेले. २००६ पासून प्रयोगशाळेत वंध्य केलेले पतंग विमानातून सोडण्यात आले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूस-क्षेत्रातून गुलाबी बोंडअळीचे निर्मूलन झाल्याचे तेथील कृषी खात्याने घोषित केले. आपल्याकडील लहान व विखुरलेल्या शेतांत विमाने उपयोगी पडणार नाहीत. परंतु अळीची साखळी तोडणे हाती आहे.

त्यासाठी हंगामपूर्व लागवड करू नये, लवकर तयार होणारे वाण निवडावे आणि डिसेंबरअखेर पीक संपवावे. पऱ्हाट्या सरपणासाठी बांधावर रचून ठेवू नयेत. त्यांवरील किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत पुढील पावसाळ्याची वाट पाहत असते. जिनिंगच्या आवारातील सरकीतही ती असते, म्हणून तेथेही कामगंध सापळे लावणे अगत्याचे आहे. शेतात लागवडीनंतर दीड महिन्याने एकरी दोन सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ किंवा अधिक पतंग आले, अथवा दहा टक्के फुलांच्या डोमकळ्या झालेल्या दिसल्या, तरच फवारणीचा विचार करावा. बोंड मात्र वरून पाहून ठरवू नये, कारण अळी आत शिरल्यावर तिचे छिद्र बुजते. एकरातून निरनिराळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडून कार्यकर्त्याने शेतकऱ्यासमक्ष चिरावी. दोहोंत अळी निघाली की नुकसानीची पातळी गाठली गेली असे समजावे.