करारनाम्यावर बाईचेही नाव हवे

मुंबईच्या १९९५ सालच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पात्र झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचे घर मोफत मिळे. आता ३०० चौरस फुटांचे मिळते. वस्तीत चर्चा होते ती या फुटांचीच. पण बिल्डरबरोबरचा करारनामा पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावा, हे नियमावलीतले कलम किती जणींनी ऐकले आहे? धुणीभांडी करून संसार ओढणाऱ्या माऊलीचा तो हक्क आहे, मेहरबानी नव्हे. घर कुलमुखत्यारपत्रावर परस्पर विकले गेले, तर लेकरांना घेऊन रस्त्यावर तीच येते. म्हणून भगिनींनो, आम्ही सांगतो, करारनामा शिकल्यासवरल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. आपले नाव नसेल तर अंगठा उठवू नका. पुढे सोसायटीच्या भागपत्रावरही दोन्ही नावे चढली का, ते पाहा.