वडिलांची बंदूक, माझा चष्मा

गेल्या दिवाळीत गावच्या घराचा माळा आवरताना वडिलांची छऱ्याची बंदूक सापडली. जुन्या धोतरात गुंडाळलेली, नळीवर थोडा गंज, दस्त्याचं पॉलिश उडालेलं. नळीमागे अजूनही दिसणारा शिक्का : धनुष्य टाकून देऊन बंदूक उंचावलेली शिकारीची देवी. जर्मनीतल्या रास्टाट गावच्या कारखान्याची ही ‘डायना’, २७ नंबरचं मॉडेल, साडेचार मिलिमीटरची. बाबांनी ती १९७०च्या दशकात जुनीच विकत घेतली होती. सोबत छऱ्यांचा एक पत्र्याचा डबा होता. त्याकडे नंतर येतो.

माझा सतरा वर्षांचा पुतण्या तिच्यावर लगेच खूश झाला. परसात दहा मीटरवर जुन्या गोधड्या ठासून भरलेलं खोकं ठेवलं, त्यावर कागद लावला, आणि दोघांनी पाच-पाच छरे मारले. त्याचे पाचही छरे एकमेकांना खेटून, पण मध्यापासून तीन सेंटिमीटर डावीकडे. माझे मात्र वर, खाली, मध्ये, जिथे जागा मिळेल तिथे. ‘काका, बंदुकीत दोष आहे,’ तो म्हणाला. मी स्क्रू-ड्रायव्हर आणायला निघालो होतो. पण हातातल्या कागदाने मला थांबवलं, कारण तो एखाद्या रिपोर्टसारखा वाचता येत होता.

रक्तदाब मोजायचं यंत्र शून्याऐवजी दहावरून सुरू होत असेल, तर प्रत्येक रुग्णाचा आकडा दहाने जास्त येतो. ही यंत्राची चूक. एकदा दुरुस्त केली की संपली. पण एकाच रुग्णाचा आकडा दर मिनिटाला वेगळा येत असेल, तर यंत्राला हात लावण्याआधी मोजणाऱ्याकडे बघावं लागतं. पुतण्याचा कागद पहिल्या प्रकारातला होता, माझा दुसऱ्या. विखुरलेले छरे पाहून साइट फिरवत बसणं म्हणजे तापाचं कारण न शोधता रोज गोळी बदलण्यासारखं.

त्याची चूक दुरुस्त करणं सोपं होतं. नळीच्या टोकावरची ती माशी आणि मागची ती खाच. खाचेत माशी मधोमध, दोघींचे माथे एका रेषेत, हा नेम. नियम एवढाच : छरा जिकडे न्यायचा तिकडे मागची खाच सरकवायची. पुढची माशी हलवत असाल तर बरोबर उलटं. किती सरकवायची? माशी आणि खाच यांच्यात अर्धा मीटर अंतर धरलं, तर खाच एक मिलिमीटर सरकली की दहा मीटरवर छरा दोन सेंटिमीटर सरकतो. आम्हाला तीन हवे होते, म्हणजे दीड मिलिमीटर उजवीकडे. जुने स्क्रू घाईने फिरवले की डोकी झिजतात. तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवलं.

वर-खालीसाठी मागच्या साइटवर चाक असतं. त्याची गरज का पडते, हे गणिताने कळतं. सेकंदाला दीडशे मीटर वेगाने निघालेला छरा दहा मीटर जायला सेकंदाचा पंधरावा भाग घेतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला दोन सेंटिमीटरहून थोडं जास्त खाली ओढतं. वीस मीटरला दुप्पट वेळ, म्हणून चौपट घसरण; हवेचा रोध धरला तर त्याहूनही जास्त. म्हणून एक अंतर ठरवायचं आणि साइट त्या अंतरासाठीच लावायची. 

आता माझा कागद. वय चोपन्न. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं स्पष्ट करायची त्याची ताकद जाते. बंदुकीच्या नेमात खाच हातभर अंतरावर, माशी जवळजवळ मीटरभर, आणि कागद दहा मीटरवर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो. तरुण डोळा भराभर उड्या मारून तिन्ही पाहिल्याचा भास निर्माण करतो, एवढंच. नेमबाजीचे शिक्षक सांगतात की माशी स्पष्ट हवी, लक्ष्य धूसर चालेल. माझ्या बाबतीत उलटं होत होतं. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. दस्त्याला गाल टेकवला की नजर काचेच्या वरच्या, दूरच्या नंबरातून जाते. कागद झक्क दिसायचा, माशी मात्र धुरकट. तिचा माथा कुठे संपतो हेच कळेना, मग छरे वर-खाली जाणारच.

आमच्या रुग्णालयातल्या नेत्रविभागाच्या सहकारी बाईंना विचारलं, तर त्या हसल्या. ‘सर, एक मीटरवर फोकस हवा, म्हणजे दूरच्या नंबरात एक मिळवा. पाऊण मिळवलात तर कागदही थोडा बरा दिसेल.’ शाळेत शिकलेलं भौतिकशास्त्र : एक मीटरला एक डायऑप्टर. तेवढ्या एका नंबराचा साधा, स्वस्त चष्मा करून घेतला. तोवर दुसरी युक्ती वापरली. चष्म्याच्या काचेवर चिकटपट्टी लावून नेमाच्या जागी दोनेक मिलिमीटरचं भोक पाडलं. ओपीडीत नजर तपासताना आम्ही भोकाची चकती डोळ्यासमोर धरतो, तेच तत्त्व. बारीक भोकातून जवळचं-दूरचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, फक्त उजेड भरपूर हवा.

छऱ्यांचं म्हणाल, तर साइटला हात लावण्याआधी छरा ठरवावा, कारण छरा बदलला की नेम बदलतो. कमरेत बारीक, मागे पोकळ घेर असलेला छरा बॅडमिंटनच्या फुलासारखा सरळ उडतो. मऊ शिशाचा तो पोकळ घेर हवेच्या दाबाने फुलून नळीच्या आट्यांना घट्ट बसतो. जुन्या, कमी ताकदीच्या स्प्रिंगच्या बंदुकीत कडक धातूचा छरा तसा फुलत नाही, आणि पोलादी गोळ्या तर आटे खरवडतात. वजनाने हलका, अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छरा अशा बंदुकीला मानवतो. कागदावर मारायचं असेल तर सपाट डोक्याचा घ्या, गोल स्वच्छ भोक पडतं. टोकदार छरा दिसायला रुबाबदार, पण माझ्या मते पैसे वाया. डब्यावर ४.५०, ४.५२ असे आकडे असतात. अंगठ्याने किंचित दाबल्यावर बसतो तो तुमच्या नळीचा. आपोआप आत घसरणारा सैल. तीन प्रकारचे थोडे थोडे आणून प्रत्येकाचे पाच-पाच मारा आणि सर्वांत दाट झुबका देणारा ठेवा. बंदूक टणक कठड्यावर टेकवू नका. स्प्रिंगच्या धक्क्याने ती उडी मारते; हाताच्या तळव्यावर सैल ठेवली की दरवेळी सारखीच मारते.

आणि तो पत्र्याचा डबा. उघडला तर छऱ्यांवर पांढरी भुकटी. दमट हवेत शिशावर चढणारा हा शिशाच्या क्षारांचा थर. बोटांवरून, धुळीतून पोटात जायला अगदी सोपा. पुतण्याने चिमूटभर छरे घेतले आणि हात मोकळा राहावा म्हणून दोन ओठांत धरले. मी ओरडलो. नंतर आठवलं, मीही लहानपणी बाबांसमोर हेच करायचो आणि त्यांनी कधी हटकलं नाही, कारण तेही तसेच धरत. रक्तात शिसं डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅम असेल तर त्याचा स्रोत शोधून काढा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१चं मार्गदर्शन आहे. वाढत्या मेंदूला त्याची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. डबा बंद करून धोकादायक कचऱ्यात दिला. आता छरे हाताळले की साबणाने हात धुतल्याशिवाय फराळाला बसायचं नाही, असा घरात नियम आहे.

दुसरा नियम गॉगलचा. मी भिषक, नेत्रशल्यक नव्हे. पण निवासी डॉक्टर असताना रात्रपाळीला एक अकरा वर्षांचा मुलगा आला होता. भावाने बाटलीवर मारलेला छरा उलटून याच्या डाव्या डोळ्यात. ते घर बंदुकीला ‘खेळण्यातली’ म्हणत होतं. छरा शिशाचा की पोलादी कुणालाच सांगता येईना, म्हणून एमआरआयचा विचार सोडून सीटी स्कॅन केला. छरा बुबुळामागे होता. डोळा जागेवर राहिला, नजर गेली. छऱ्याला त्वचा भेदायला जेवढा वेग लागतो, त्याहून कमी वेगात तो डोळा फोडतो. बाटली, दगड, फरशी, कठीण लाकूड यांवर मारू नये, ते यासाठी.

आणखी एक : नळी मोडून छरा भरताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवा. जुन्या बंदुकीचा चाप झिजलेला असला तर नळी फाटकन मिटते आणि बोट मध्ये सापडतं. पाखरांवर मारण्याचा विचार तर नकोच; १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे. बाबांच्या काळातल्या पारव्यांच्या गोष्टी पुतण्याला मी सांगितल्या नाहीत.

संक्रांतीला पुन्हा गावी गेलो तेव्हा नवा चष्मा सोबत होता. पुतण्याचे पाचही छरे मध्यात, दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकतील असे. माझे चार तसेच. पाचव्याच्या वेळी मी श्वास रोखायला विसरलो, असं मी त्याला सांगितलं आहे.