अरबी कादंबरीची इंग्रजी वहिवाट

मीरा रोडच्या नयानगरात कुराणपठणाच्या निमित्ताने अरबी लिपी अनेक घरांत परिचयाची असली, तरी आजच्या अरबी कादंबरीशी मीरा-भाईंदरच्या मराठी वाचकाची गाठ पडते ती बहुधा इंग्रजीच्याच द्वारे. आणि हा रिवाज काही नवा नव्हे, कारण एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी, व पुढे १९७०च्या दशकात रिचर्ड बर्टनच्या आवृत्तीवरून गौरी देशपांडे यांनी, ‘अरेबियन नाइट्स’ मराठीत आणल्या त्याही इंग्रजीवरूनच.

आधुनिक गद्याची वहिवाट मुख्यत्वे डेनिस जॉन्सन-डेव्हिस या एकट्या अनुवादकाने पाडली: सुदानच्या तय्यब सालिह यांची १९६६ सालची कादंबरी त्यांनी १९६९ मध्ये इंग्रजीत उतरविली, तेव्हा अरबी कादंबरीकार नजीब महफूज यांच्या नोबेलला (१९८८) बराच अवकाश होता. पुढे लंडनच्या ‘बानिपाल’ नियतकालिकाने १९९८ पासून हे कार्य निष्ठेने चालविले. २०१९ साली ओमानच्या जोखा अल्हार्थी यांच्या, मॅरिलिन बूथ यांनी अनुवादिलेल्या ‘सेलेस्टियल बॉडीज’ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले; अरबी पुस्तकास हा मान प्रथमच लाभला, आणि ५०,००० पौंडांची रक्कम लेखिका व अनुवादिका यांत निम्मी-निम्मी वाटली गेली. हा दंडक आमच्या पारितोषिकदात्या संस्थांनीही अंगीकारावा.