मारबत, ‘गिधाडे’ आणि हिरवे रक्त

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे विदर्भात ज्याला तान्हा पोळा म्हणतात त्या दिवशी, नागपूरच्या इतवारीत काळ्या आणि पिवळ्या मारबतींच्या मिरवणुका निघतात. पेढ्यांमधल्या त्या अरुंद रस्त्यांवर लोटलेला आबालवृद्धांचा समुदाय गावावरची रोगराई व इडापीडा घेऊन चालते होण्याविषयी त्या अजस्र पुतळ्यांना बजावतो आणि अखेरीस त्यांचे दहन करतो. काळीची परंपरा १८८१ ची, पिवळीची १८८५ ची. त्यांच्याबरोबरचे बडगे म्हणजे भ्रष्टाचार, महागाई अशा वर्तमान दोषांची सोंगे. त्यांचीही यथेच्छ विटंबना होऊन त्यांना अग्नी मिळतो. बापाच्या खांद्यावर बसून हे सारे पाहणारी मुले त्यामुळे बिघडली, अशी फिर्याद कोणी ठाण्यात दाखल केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तीच मुले मोबाईलवरच्या रणांगणात उतरून शंभरांपैकी शेवटचा जिवंत राहण्यासाठी झुंजू लागली, की मात्र घराघरांत नीतीचा प्रश्न उभा राहतो. सरकारने अशाच ‘पबजी मोबाईल’ या खेळावर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली खरी, परंतु माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ अन्वये एकूण ११८ ॲप्सना लागू केलेल्या त्या हुकुमाचा आधार देशाचे सार्वभौमत्व व सुरक्षितता हा होता. खेळातील रक्तपाताची दखल त्यात नव्हती. पुढे जुलै २०२१ मध्ये कोरियन कंपनी क्राफ्टनने ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या नावाने भारतापुरती निराळी आवृत्ती रुजू केली. तीत रक्त हिरवे झाले, आणि प्रतिस्पर्धी ‘मारला’ न जाता ‘फिनिश’ होऊ लागला!

मराठी प्रेक्षकाला हा रंगबदल नवा नाही. विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ १९७० साली श्रीराम लागूंनी रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातील माणिक या पात्राच्या साडीवरील रक्ताच्या डागास परीक्षण मंडळाने हरकत घेतली. तो डाग निळा करण्यात आला, आणि प्रेक्षकांनी निळा डाग लालच समजावा, असे त्यांना सांगण्यात आले. ब्रिटनमध्ये १९९७ साली ‘कार्मागेडन’ या खेळाला, त्यात पादचाऱ्यांना मोटारीखाली चिरडता येत असल्याने, मंजुरी नाकारली गेली. तेव्हा माणसांच्या जागी हिरव्या रक्ताची प्रेते चालती करून तो विकला गेला, आणि पुढे अपिलात मूळ खेळासही मुभा मिळाली. ‘गिधाडे’तील हिंसा पाहणाऱ्याला अस्वस्थ करण्यासाठी होती, ‘कार्मागेडन’मधली गंमत वाटावी म्हणून होती, कलेच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण रंगाची बाटली घेऊन बसलेल्या परीक्षकाला ते अंतर दिसण्याची सोय नाही.

परीक्षकाच्या उलट बाजूला, निर्मात्याचे स्वातंत्र्य म्हणजे केवळ बंदूक चालवू देण्याचे स्वातंत्र्य, असा समज आपल्याकडे रूढ आहे. पण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने, पबजीवर गदा आली त्याच २०२० साली, ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी दुर्गेकडून मिळालेले त्रिशूळ घेऊन लढते, आणि राजस्थानी वाड्यांची व पहाडी चित्रशैलीची आठवण देणाऱ्या दृश्यांतून कथा पुढे सरकते. शस्त्र आणि संहार यातही आहेतच. पण लढाईला कारण आहे, आणि कथेला शेवट आहे.

शेवट असणे, हे मला रक्ताच्या रंगापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. मारबत जळाली की इतवारी आपल्या धंद्याला लागते. मोबाईलवरच्या रणांगणाला मात्र संध्याकाळ होतच नाही. एक डाव हरला की दुसरा तयार, आणि मध्ये पोशाख व बंदुकीची रंगरंगोटी विकणारे दुकान सदैव उघडे. म्हणूनच त्या हिरव्या रक्ताच्या आवृत्तीत अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी घातलेली दिवसाला तीन तासांची व सात हजार रुपयांच्या खर्चाची मर्यादा हीच, सात हजारांचा आकडा अवाच्या सवा असला तरी, मला त्यातली एकमेव विचाराने केलेली तजवीज वाटते. बाकी सारी रंगसफेदी. परंतु ही मर्यादा चालते ती नोंदवलेल्या वयावर. तेव्हा मुलाच्या मोबाईलवर त्याचे वय कोणी नोंदवले आहे आणि किती नोंदवले आहे, एवढे पालकांनी आज संध्याकाळी स्वतः पाहून घ्यावे.