कोंग्सफियॉर्ड व त्याच्या कांठचीं गांवें

भूगोलाच्या तासाला ‘फियॉर्ड’ या शब्दाची व्याख्या विद्यार्थी तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु तो डोळ्यांपुढें उभा करा म्हटलें कीं वर्गांत शांतता पसरते. म्हणून अशा एका फियॉर्डाची हकीकत येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नॉर्वेच्या उत्तरेस आर्क्टिक महासागरांत स्वालबार्ड नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांतील स्पिट्सबर्गेन या सर्वांत मोठ्या बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, सुमारें 79 उत्तर अक्षांशावर, कोंग्सफियॉर्ड आहे. ‘राजाचा फियॉर्ड’ असा या नांवाचा अर्थ. त्याची लांबी सुमारें 20 किलोमीटर असून खोली कोठें कोठें 300 मीटरांहून अधिक भरते. आपल्या कोंकणांतील खाड्या म्हणजे समुद्रानें बुडविलेलीं नद्यांचीं मुखें होत. फियॉर्ड मात्र हिमनदीनें कोरलेला असतो. बर्फाचा प्रचंड प्रवाह डोंगर खरवडीत समुद्राकडे सरकतो, आणि तो मागें हटला म्हणजे त्या खोल दरींत समुद्र शिरतो. कोंग्सफियॉर्डाच्या माथ्याशीं हें काम अद्यापि चालूं आहे. तेथें क्रोनेब्रेन हिमनदीचे कडे तुटून पाण्यांत कोसळतात, व तिच्या तळांतून वाहणाऱ्या तांबड्या गाळानें उन्हाळ्यांत पाणी विटकरी दिसतें.

तेथें एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत नाहीं. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो उगवत नाहीं. तरीहि अटलांटिक महासागरांतून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळें इतक्या उत्तरेस मनुष्यास राहतां येतें.

मनुष्य तेथें प्रथम धनाच्या आशेनें राहिला. 1911 च्या सुमारास अर्नेस्ट मॅन्सफील्ड या इंग्रजानें उत्तर तीरावर संगमरवराची खाण काढिली, व त्या वस्तीस ‘न्यू लंडन’ असें नांव दिलें. परंतु युगानुयुगें गोठण्यानें तो दगड आंतून भंगलेला होता. उबदार हवेंत येतांच तो ठिसूळ होऊन फुटूं लागला, आणि वस्ती ओस पडली. आज तेथें गंजलेलीं यंत्रें उरलीं आहेत.

दक्षिण तीरावर न्यी-ओलेसुंड हें गांव 1917 च्या सुमारास कोळशाच्या खाणींसाठीं वसलें. येथूनच 1926 च्या मे महिन्यांत ॲमुंडसेन व नोबिले ‘नॉर्गे’ या विमाननौकेंतून उत्तर ध्रुवावरून अलास्कास गेले. पुढें त्या दोघांत वितुष्ट आलें. 1928 सालीं नोबिलेची दुसरी विमाननौका बर्फावर आदळली, तेव्हां ॲमुंडसेन मागील कलह बाजूस ठेवून त्याच्या शोधास निघाला, तो परत आला नाहीं. नोबिले मात्र वांचला. ‘नॉर्गे’ बांधण्याचा लोखंडी मनोरा गांवाबाहेर अजून उभा आहे.

खाणींनीं अनेक बळी घेतले. 5 नोव्हेंबर 1962 रोजीं झालेल्या स्फोटांत 21 कामगार मृत्यु पावले, व पुढील वर्षीं खाणकाम कायमचें बंद झालें. त्यानंतर त्या घरांतून हळूहळू निरनिराळ्या राष्ट्रांचे शास्त्रज्ञ राहूं लागले. 1920 च्या स्वालबार्ड करारांत हिंदुस्थानाचाहि समावेश असल्यानें आपल्या देशानेंहि 2008 सालीं तेथें ‘हिमाद्रि’ हें संशोधनकेंद्र उघडिलें. त्याचा कारभार गोव्यांतील वास्को येथील ध्रुवीय संशोधनसंस्था पाहते. 2014 सालीं आपल्या शास्त्रज्ञांनीं फियॉर्डाच्या पाण्यांत उष्णता व क्षारता मोजणारीं उपकरणेंहि सोडिलीं.

हें मोजमाप कशासाठीं, असें कोणी विचारील. न्यू लंडन ज्या भूमीवर होतें, तिला नकाशांत ‘ब्लोमस्ट्रांड द्वीपकल्प’ असें नांव आहे, कारण हिमनदीनें ती मुख्य भूमीस जोडलेली होती. 1990 नंतरच्या दशकांत ती हिमनदी मागें हटली, मध्यें पाणी दिसूं लागलें, आणि द्वीपकल्पाचें बेट झालें. नांव तेंच राहिलें, भूगोल बदलला. पूर्वी हिवाळ्यांत गोठणारा फियॉर्डाचा आंतील भागहि 2006 पासून पुष्कळदां मोकळाच राहतो. ज्या कोळशासाठीं 21 जणांनीं प्राण वेंचिले, तसा कोळसा व तेल जगभर जाळल्यानेंच हवा तापत आहे, असें शास्त्र सांगतें.

परमेश्वरानें ही पृथ्वी मनुष्याच्या स्वाधीन केली, ती राखण्यासाठीं. नकाशांतील तें जुनें नांव वाचतांना आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या वांट्यास आलेली राखण कोणती, याचा विचार करावा, एवढीच आमची इच्छा आहे.